ओपोले की टिमिशोआरा: बाणेरच्या एका कंपनीनं युरोपातलं केंद्र कसं निवडलं

दक्षिण जर्मनीतल्या एका यंत्रनिर्मात्याची तीन कामं बाणेरमधली एक सेवा कंपनी बरीच वर्षं पुण्यातून करते आहे. पुरवठादारांची बिलं तपासून नोंदवायची, सुट्या भागांच्या ऑर्डरी घ्यायच्या आणि यंत्र बंद पडलं की येणारे फोन उचलायचे. २०२५ मध्ये करार नव्यानं करायची वेळ आली तेव्हा ग्राहकानं अट घातली की ऑर्डर डेस्क आणि फोन युरोपीय संघातल्या एखाद्या देशात हलवा, आमच्या घड्याळावर चालवा आणि उत्तम जर्मन बोलणारी माणसं बसवा. ४० खुर्च्या हव्यात, देश तुम्ही निवडा. या निवडीत मी बाहेरची सल्लागार म्हणून होते. कंपनीचं आणि ग्राहकाचं नाव इथं देत नाही.

पहिल्या बैठकीत पडद्यावर एक तक्ता होता. पोलंड, चेकिया, रोमानिया, बल्गेरिया, पोर्तुगाल असे पाच देश. प्रत्येकापुढे सरासरी पगार, कॉर्पोरेट कर, जागेचं भाडं, राजकीय स्थैर्य. प्रत्येक रकान्याला गुण देऊन बेरीज केली होती आणि पोलंड पहिला आला होता. कंपनीचे संस्थापक मूळचे कोल्हापूरचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसांची. वॉर्सात त्याचं स्मारकही आहे. ते म्हणाले, "आमच्या आजीनं त्या बायकांना भाजी विकलीय. पोलंडमध्ये आपण परके नाही." खोलीतल्या सगळ्यांना ते मनापासून पटलं. मलाही त्यात वावगं काही वाटलं नाही, कारण परक्या देशात दहा वर्षं टिकायचं तर असा जिव्हाळा उपयोगी पडतो. पण तक्त्यात एक मोठी उणीव होती. ग्राहकाला नेमकं काय खुपतंय, याचा एकही रकाना त्यात नव्हता. म्हणून देशांची चर्चा थांबवून आम्ही आधी तक्रारींची नोंद उघडली.

तक्रारी काय सांगत होत्या

ग्राहकाच्या पत्रात वेळेतल्या फरकाचा उल्लेख पहिल्याच ओळीत होता. प्रत्यक्षात पुणे आणि जर्मनी यांच्यात हिवाळ्यात साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचाच फरक असतो. जर्मनीतले सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा किंवा साडेअकरा. तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे इथले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेआठ. ही दुपारची पाळी बाणेर-हिंजवडीत हजारो लोक करतात. वेळेमुळे फोन उचलला गेला नाही, अशा तक्रारी नोंदीत शोधाव्या लागत होत्या.

खरी तक्रार पुन्हा पुन्हा एकच होती. फोन करणारा असतो कारखान्यातला फोरमन. तो भागाचा क्रमांक सांगत नाही. "स्पिंडलच्या डाव्या बाजूचं ते राखाडी झाकण, त्याच्या खालचा सेन्सर," असं तो सांगतो, तेही स्थानिक उच्चारात आणि घाईत. पुण्यातल्या टीमला कॅटलॉग तोंडपाठ होता, पण ते यंत्र उघडलेलं बघितलेली माणसं त्यात दोनच होती. नवं मॉडेल आलं की कारखान्यात दोन दिवस उभं राहून बघायला हवं. त्यासाठी पुण्याच्या माणसाला शेंगेन व्हिसा, त्याची अपॉइंटमेंट, निमंत्रणपत्र आणि विमा इतकं सगळं लागतं, आणि तोवर मॉडेल बाजारात गेलेलं असतं. युरोपीय संघातला नागरिक मात्र ओळखपत्र घेऊन विमानात बसतो.

इथं प्रकरणाला दिशा मिळाली. ग्राहकाला जवळचं केंद्र हवं होतं ते आपल्या कारखान्यात चटकन येऊ शकणाऱ्या माणसांसाठी. हे एकदा दिसल्यावर कोणतं काम हलवायचं आणि कोणतं नाही, हे ठरवणं सोपं झालं.

बिलांचं काम हलवायची मागणी ग्राहकानं केलीच नव्हती, पण कंपनीतल्या काहींना वाटत होतं की केंद्र उघडतोच आहोत तर तेही नेऊ. मी त्याला ठाम विरोध केला. १ जानेवारी २०२५ पासून जर्मनीतल्या व्यवसायांना एकमेकांकडून येणारी ई-बिलं, म्हणजे संगणकाला थेट वाचता येणारी बिलं, स्वीकारता येणं बंधनकारक झालं आहे. २०२७ पासून वर्षाला आठ लाख युरोंच्या वर उलाढाल असलेल्यांना आणि २०२८ पासून बाकीच्यांनाही ती तशीच पाठवावी लागतील. बिल पाहून आकडे भरण्याचं काम दोन-तीन वर्षांत आटणार आहे. आटणाऱ्या कामासाठी युरोपात भाडेकरार करू नये. ईमेलवर येणाऱ्या सरळ ऑर्डरीही पुण्यात ठेवता येत होत्या. उरले फोन आणि वादातल्या ऑर्डरी. त्यांचा तासवार भार मांडला तेव्हा ४० खुर्च्यांच्या १८ झाल्या. ग्राहकाच्या खरेदी विभागाला हे पटवायला दोन बैठका लागल्या. त्यांच्या सेवा विभागाला मात्र ते लगेच पटलं, कारण तक्रारी त्यांच्याच होत्या.

४० माणसं आणि १८ माणसं यांत फरक फक्त खर्चाचा नसतो. ४० जर्मन बोलणारी माणसं एकदम हवी असतील तर क्राकूव्ह किंवा सोफियासारख्या शहरात जावंच लागतं, आणि तिथं मोठमोठ्या कंपन्या तीच माणसं खेचत असतात. पोलंडच्या व्यवसाय-सेवा क्षेत्रात चार लाखांहून अधिक लोक काम करतात. त्या गर्दीत पुण्याच्या एका अनोळखी कंपनीकडे कोण येणार? १८ माणसं लहान शहरातही मिळू शकतात, आणि लहान शहरात ती टिकतात.

पगाराच्या तक्त्यातली गफलत

तक्त्यातला पगाराचा रकाना एकूण पगाराचा, म्हणजे ग्रॉसचा होता. भारतात आपण सीटीसीत, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चात विचार करतो, त्यामुळे ग्रॉस म्हणजे साधारण खर्च, असं गृहीत धरलं जातं. युरोपात हे गृहीतक देशागणिक वेगळ्या पद्धतीनं कोसळतं.

चेकियात मालकाला ग्रॉसच्या वर ३३.८ टक्के सामाजिक आणि आरोग्य विम्यापोटी भरावे लागतात. पोर्तुगालात २३.७५ टक्के, शिवाय वर्षाला १४ पगार: सुट्टीचा एक आणि नाताळचा एक जास्तीचा. पोलंडमध्ये वरचा भार २० टक्क्यांच्या आसपास जातो. रोमानियात तो फक्त २.२५ टक्के आहे. २०१८ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारनं मालकाच्या वाट्याची बहुतेक वर्गणी कर्मचाऱ्याच्या पगारातून कापायची पद्धत आणली, आणि त्यामुळे कागदावरचे ग्रॉस पगार फुगले. आता तिथल्या कर्मचाऱ्याच्या ग्रॉसमधून २५ टक्के पेन्शन आणि १० टक्के आरोग्य वर्गणी जाते. उरलेल्या ६५ वर १० टक्के आयकर. म्हणजे १०० ग्रॉसमागे हातात साधारण साडेअठ्ठावन्न. उमेदवार बोलतो तो हातात येणाऱ्या रकमेत. १,००० युरो हातात हवे असणारा माणूस ग्रॉसमध्ये सुमारे १,७१० चा दिसतो आणि कंपनीला सुमारे १,७५० ला पडतो.

कंपनीच्या सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख बाईंनी हा सगळा हिशेब "हातात किती आणि आपल्याला किती" या दोनच रकान्यांत पुन्हा मांडला. त्या दुपारी देशांचा क्रम बदलला. रोमानिया वर आला, चेकिया आणि पोर्तुगाल खाली गेले.

त्याच बाईंनी रोमानियाविरुद्धचा सगळ्यात दमदार मुद्दाही मांडला. आयटीतल्या लोकांना तिथं २००१ पासून आयकरात सूट होती. २०२३ च्या अखेरीस ती दरमहा १०,००० लेई (तिथलं चलन) ग्रॉसपर्यंत मर्यादित झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून बंद झाली. २०२४ ची वित्तीय तूट जीडीपीच्या नऊ टक्क्यांच्या वर होती, युरोपीय संघात सर्वाधिक. ऑगस्ट २०२५ पासून व्हॅट १९ वरून २१ टक्के झाला. डिसेंबर २०२४ मध्ये घटनात्मक न्यायालयानं अध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली होती आणि ती मे २०२५ मध्ये पुन्हा घ्यावी लागली. "ज्या सरकारला पैशांची इतकी चणचण आहे ते उद्या वर्गणी पुन्हा मालकाकडे ढकलणार नाही कशावरून?" असा त्यांचा प्रश्न होता. याला खोडून काढणारं उत्तर कुणाकडेच नव्हतं, आणि तसं ते असूही शकत नाही. आम्ही एवढंच केलं की दहा टक्के भार वाढला असं धरून हिशेब पुन्हा केला. रोमानिया तेव्हाही परवडत होता, पण पोलंडपासूनचं अंतर बरंच कमी झालं.

भाषा देशात नसते, शहरात असते

पोर्तुगाल वेळेमुळेही बाद झाला. जर्मनीतल्या कारखान्यांची पहिली पाळी भल्या सकाळी सुरू होते आणि फोनचा पहिला लोंढा साडेसहाला येतो. लिस्बनमध्ये तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. चेकियात बेरोजगारी इतकी कमी आहे की १८ माणसं जमवायलाच वर्ष गेलं असतं. बल्गेरियाचा १० टक्के कर आणि २०२६ पासून येणारा युरो हे आकर्षण होतं, पण सोफियातल्या जर्मन बोलणाऱ्यांसाठी कॉल सेंटरांची आधीच रस्सीखेच आहे.

उरले दोन पर्याय: पोलंडमधलं ओपोले आणि रोमानियातलं टिमिशोआरा. दोन्हीकडे जर्मन भाषा इतिहासातून आली आहे, पण आज ती ज्या कारणानं टिकून आहे ते दोन्हीकडे वेगळं आहे, आणि माझ्या मते या सबंध प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

ओपोले परिसरात पोलंडमधला सर्वांत मोठा जर्मन अल्पसंख्य समाज राहतो. काही गावांच्या पाट्या दोन भाषांत आहेत. घरात जर्मन बोलणारी माणसं तिथं मिळतात. मात्र त्यांतल्या अनेकांकडे जर्मन पासपोर्टही आहे, आणि जर्मनीत जाऊन काम करणं ही तिथल्या कुटुंबांची जुनी सवय आहे. ज्याला म्युनिकमध्ये सरळ नोकरी मिळते, तो ओपोलेत बसून म्युनिकचे फोन पोलिश पगारावर किती दिवस उचलेल?

टिमिशोआरा ज्या बनात प्रांतात आहे तिथले जर्मन १९९० नंतर मोठ्या संख्येनं जर्मनीला निघून गेले. शाळा मात्र मागे राहिल्या. तिथलं निकोलाउस लेनाऊ विद्यालय आजही जर्मन माध्यमात चालतं. २०१४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले स्टेफान हेल तिथं शिकले. आता त्या वर्गांत बहुतेक मुलं रोमानियन घरांतली असतात. आईवडिलांनी ठरवून घातलेली, बारा वर्षं जर्मनमधून गणित-विज्ञान शिकलेली. सिबियू, ब्राशोव आणि क्लुजमध्येही अशा शाळा आणि जर्मनमधून शिकवणारे विद्यापीठातले वर्ग आहेत. भाषा शाळेतून येत असेल तर दरवर्षी नवी तुकडी बाहेर पडते. पुण्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्समुल्लर भवन नसतं तर ही कंपनी जर्मन ग्राहक मिळवूच शकली नसती.

दोन्ही शहरांत भरती संस्थांमार्फत चाचणी जाहिरात दिली आणि उमेदवारांची फोनवरच परीक्षा घेतली. परीक्षा घेणारा होता ग्राहकाचाच एक निवृत्त फोरमन, आणि त्यानं मुद्दाम भागाचा क्रमांक सांगायचा नाही, असं ठरलं होतं. ओपोलेतल्या उमेदवारांचं जर्मन अधिक मोकळं होतं. टिमिशोआरातल्यांचं अधिक नेमकं होतं, आणि ते न समजलेलं निःसंकोच परत विचारत. फोरमननं दुसऱ्या गटाला जास्त गुण दिले. वेळेचाही तिथं अनपेक्षित फायदा होता: रोमानियाचं घड्याळ जर्मनीच्या एक तास पुढे असल्यानं साडेसहाचा फोन तिथं साडेसातला येतो. सुखानं उठून कामावर येता येतं.

संस्थापकांनी त्या बैठकीत बराच वेळ काही न बोलता गुणपत्रिका पाहिली आणि मग म्हणाले, "ओपोले दुसऱ्या नंबरावर जिवंत ठेवा. पण जायचं टिमिशोआराला." आपल्या ओढीपेक्षा त्यांनी त्या निवृत्त फोरमनचं मत वरचं मानलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

युरोपात केंद्र उघडलं म्हणून डेटाचा प्रश्न संपत नाही

सगळ्यांची समजूत होती की केंद्र युरोपीय संघात गेलं की जीडीपीआरचा, म्हणजे संघाच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा, विषय मिटला. तसं होत नाही, आणि अशी निवड करणाऱ्या प्रत्येक कंपनीनं हे देश ठरवण्याआधी समजून घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं.

टिमिशोआराची उपकंपनी ही कायद्यानं वेगळी संस्था. तिच्या सर्व्हरवरची माहिती बाणेरमधल्या मूळ कंपनीतल्या माणसानं नुसती पडद्यावर उघडून बघितली, तरी ते तिसऱ्या, म्हणजे संघाबाहेरच्या, देशात हस्तांतर ठरतं. भारताला युरोपीय आयोगाचा पुरेशा संरक्षणाचा निर्णय, म्हणजे तिथं माहिती सुरक्षित राहते अशी मान्यता, मिळालेला नाही. म्हणून जून २०२१ ची प्रमाणित करारकलमं लागतात. शिवाय युरोपीय न्यायालयाच्या १६ जुलै २०२० च्या निकालानंतर, ज्या देशात माहिती जाते तिथले कायदे तपासून लेखी मूल्यांकनही करावं लागतं. फोरमनचं नाव, मोबाइल, ईमेल हे सगळं वैयक्तिक माहितीतच मोडतं, व्यवहार दोन कंपन्यांमधला असला तरी.

यातून कामाची रचना बदलली. पुण्याकडे येणाऱ्या दुसऱ्या फळीच्या तिकिटांत, म्हणजे अवघड तक्रारींच्या नोंदींत, नाव-नंबर झाकलेले असतात. यंत्राचा अनुक्रमांक आणि बिघाडाचं वर्णन तेवढं दिसतं. बिघाड शोधायला नाव लागतच नाही. फोनच्या रेकॉर्डिंगचा प्रश्न अधिक अवघड होता. पुण्यातली गुणवत्ता टीम आजवर रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायची. जर्मन दंडसंहितेच्या कलम २०१ नुसार संमतीशिवाय खासगी बोलणं रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, आणि ग्राहकाच्या कामगार मंडळाला त्यांच्या माणसांचे आवाज साठवले जाणं मान्य नव्हतं. शेवटी रेकॉर्डिंग बंद झालं. टिमिशोआरातला टीम लीडर आता शेजारी बसून ऐकतो आणि पुण्याला फक्त गुणपत्रक पाठवतो.

पैसे, माणसं, सण

पैशांची बाजू सरळ होती. २२ ऑगस्ट २०२२ पासूनच्या परदेशी गुंतवणूक नियमांत कंपनीला नक्त मूल्याच्या ४०० टक्क्यांपर्यंत स्वयंचलित मार्गानं गुंतवता येतं. बँकेतर्फे या गुंतवणुकीचा फॉर्म एफसी भरला, ट्रान्सफर प्रायसिंगची, म्हणजे दोन्ही कंपन्यांनी एकमेकींना लावायच्या दरांची, पद्धत सीएंनी आधीच लिहून ठेवली. शिकवायला सहा महिने जाणाऱ्या पुण्याच्या दोघांसाठी मात्र एक खर्च जास्तीचा निघाला. जर्मनी, चेकिया, हंगेरी, पोर्तुगाल यांच्याशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत, रोमानियाशी नाही. त्यामुळे तिथली वर्गणीही भरावी लागली.

पुण्यातल्या जर्मन टीमची भीती रास्त होती. दोन वर्षांत आपलं काम जाणार, असं त्यांना वाटत होतं, आणि "कुणाचीही नोकरी जाणार नाही" असं मोघम आश्वासन द्यायला मी विरोध केला. संस्थापकांनी प्रत्येकाला लेखी कळवलं की कुणाचं काम काय होणार: कुणाकडे झाकलेल्या तिकिटांवरचं बिघाड-निदान, कुणाकडे ईमेल ऑर्डरी, कुणाकडे भागांच्या कॅटलॉगचं जर्मन लेखन. बिलांच्या टीममधल्या लोकांना ई-बिलांमुळे काय होणार, हेही त्याच पत्रात होतं. दोन माणसं सोडून गेली. बाकीची थांबली.

सणांचं गणित मात्र छान जुळलं. रोमानियात ऑर्थोडॉक्स ईस्टर असतो. २०२४ मध्ये जर्मनीचा ईस्टर ३१ मार्चला आणि रोमानियाचा ५ मेला होता. २०२६ मध्ये ५ एप्रिल आणि १२ एप्रिल. म्हणजे १० आणि १३ एप्रिल २०२६ ला टिमिशोआरा बंद, जर्मनी चालू. ते दोन दिवस फोन पुण्याकडे वळवायचे, दोन्ही अनुभवी माणसं त्यासाठी राखून ठेवायची, असं करारातच लिहिलं. विसर्जनाच्या दिवशी उलट: मिरवणुकीमुळे पुण्याचे रस्ते बंद असताना सगळा भार टिमिशोआराकडे. पोलंड निवडला असता तर कॅथलिक ईस्टर जर्मनीबरोबरच आला असता आणि हा ताळमेळ बसवायची गरजच पडली नसती, हे खरं आहे.

सीएफओ बाईंनी सही करताना तीन अटी ठेवल्या आणि त्या मान्य झाल्या. भाडेकरार तीन वर्षांचा, पण दीड वर्षानंतर बाहेर पडायची मुभा. मालकाची वर्गणी २.२५ टक्क्यांवरून पाचच्या वर गेली तर ग्राहकाच्या दरात त्याचा अर्धा वाटा. आणि ओपोलेतल्या भरती संस्थेशी करार चालू ठेवायचा. चौथी अट ग्राहकाच्या सेवा विभागानं घातली: टिमिशोआरातल्या प्रत्येक माणसानं रुजू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कारखान्यात दोन दिवस काढायचे, तिकीट ग्राहकाचं. पहिल्या तुकडीतली सहा जणं फोनवर बसण्याआधीच जाऊन आली.